वरच्या वातावरणातला ओझोन दिवसभरात कसा बदलतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासचे विद्यार्थी, शिक्षक आणि मोबाइलवर हवेचे आकडे बघणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओझोनचा थर नेमका कुठे असतो आणि किती असतो?

बहुतेक ओझोन जमिनीपासून १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात असतो. नागपूरच्या अक्षांशावर (२१ अंश उत्तर) त्याची घनता २५ किलोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. ‘थर’ म्हटलं की पापुद्रा डोळ्यांसमोर येतो, पण तसं काही नाही. ३० ते ३५ किलोमीटरवर हवेच्या तुलनेत त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, आणि तिथेही हवेच्या दहा लाख रेणूंमागे ओझोनचे रेणू जेमतेम आठ ते दहा.

डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून शून्य अंश सेल्सियसला आणि जमिनीवरच्या दाबाला पसरला, तर अडीच-पावणेतीन मिलिमीटर जाडी भरेल. ही जाडी डॉबसन एककात सांगतात. एक एकक म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. नागपूरवर हिवाळ्यात साधारण २४० ते २५० आणि उन्हाळ्यात २७० ते २८० एकक असतात.

२. मग तो दिवसभरात बदलतो की नाही? एका वाक्यात सांगा.

उंची सांगितल्याशिवाय एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. ३० किलोमीटरच्या खाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ नाही. ३० ते ४५ किलोमीटरच्या पट्ट्यात दुपारनंतर ओझोन काही टक्के जास्त असतो. ५० किलोमीटरच्या वर उलटं : दिवसा कमी, रात्री जास्त, आणि ७० किलोमीटरला हा फरक कित्येक पटींचा.

३. सूर्यप्रकाशाने ओझोन बनतो असं पुस्तकात आहे. मग रात्री तो संपायला नको का?

सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये मांडलेली साखळी बघितली की उत्तर मिळतं. २४२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतो आणि दोन सुटे अणू मिळतात. सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटला की ओझोन होतो. सूर्यकिरणच ओझोनलाही फोडतात, पण त्यातून निघालेला अणू बहुतेक वेळा लगेच ऑक्सिजनला चिकटून पुन्हा ओझोन बनतो. ओझोन खरा संपतो तो सुटा अणू आणि ओझोन एकमेकांना भिडून दोघांचे साधे ऑक्सिजन रेणू झाले तर, किंवा नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन यांच्या संयुगांनी तेच काम झटपट करून टाकलं तर.

रात्री किरण नाहीत, म्हणून उत्पादन बंद. पण सुटे अणूही नाहीत, म्हणून संहारही जवळपास बंद. २५ किलोमीटरवर सुटा अणू जेमतेम पाच मिलिसेकंद टिकतो. सूर्य गेल्यावर तो उरतच नाही. तिथला ओझोन मात्र महिनोन्‌महिने टिकणारा असतो. बारा तासांच्या रात्रीत त्याचं काही बिघडत नाही.

४. पण ७० किलोमीटरवर रात्री ओझोन वाढतो म्हणता. उत्पादन बंद असताना वाढतो कसा?

नवा बनत नाही, रूप बदलतं. सुटा ऑक्सिजन अणू आणि ओझोन हे एकाच माणसाच्या दोन खिशांतले पैसे समजा. दिवसा किरण एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकतात, रात्री सगळे एकाच खिशात येतात. एकूण रक्कम एका रात्रीत फारशी हलत नाही.

दिवसा कुठल्या खिशात किती, हे हवेच्या दाटपणावर ठरतं. सुट्या अणूला ऑक्सिजनशी जुळताना तिसरा एखादा रेणू जवळ लागतो, जो सुटलेली ऊर्जा घेऊन जातो. हवा विरळ झाली की असा योग दुर्मीळ होतो. ढोबळ हिशेब असा : सुटा अणू ५० किलोमीटरवर सुमारे १३ सेकंदांत ओझोन होतो, ६० किलोमीटरवर सुमारे दोन मिनिटांत, ७० वर साधारण वीस मिनिटांत आणि ८० वर पाच-सहा तासांत. उलट बाजूला, या सगळ्या उंचीवर भर उन्हात ओझोनचा रेणू दोन मिनिटांच्या आसपासच टिकतो.

दोन्ही आकडे एकत्र ठेवा. ५० किलोमीटरवर दिवसा दहा ओझोन रेणूंमागे एक सुटा अणू, ६० वर जवळपास बरोबरी, ७० वर एका ओझोनमागे दहा अणू. सूर्य गेल्यावर हे सगळे अणू ओझोन झाले की ६० किलोमीटरवर तो दुपटीच्या घरात जातो आणि ७० वर दहा पटींकडे. पाण्याच्या वाफेपासून तयार होणारी हायड्रोजनची संयुगं तिथे काही अणू खाऊन टाकतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा खाली येतो. ८० किलोमीटरच्या वर तर अर्धी रात्र उलटली तरी जुळणी चालूच असते.

५. पहाटे हा वाढलेला ओझोन किती वेळात जातो?

काही मिनिटांत. किरण पोहोचले की ५० किलोमीटरच्या वरचा ओझोन दोन-दोन मिनिटांच्या आयुष्याने फुटत जातो. संध्याकाळची चढण मात्र उंचीनुसार सेकंदांपासून तासांपर्यंत लांबते (प्रश्न ४). म्हणून मध्यांबरातल्या, म्हणजे ५० किलोमीटरच्या वरच्या, ओझोनचा आलेख काढला, तर पहाटेची बाजू सरळ कड्यासारखी आणि वरच्या उंचीवर संध्याकाळची बाजू उतरत्या छपरासारखी दिसते. दोन्ही बाजू सारख्या आल्या, तर बहुधा वेळेची सरासरी फार रुंद घेतलेली असते.

६. नागपुरात सूर्य मावळला की तिकडे वरही त्याच वेळी मावळतो का?

नाही. उंचावरून क्षितिज खाली दिसतं. २५ किलोमीटरवर ते सुमारे ५ अंश खाली, ५० वर ७ अंश आणि ७० वर साडेआठ अंश. नागपुरात मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाला सूर्य तासाला साधारण १४ अंशांनी उतरतो. म्हणजे इथे दिवेलागण झाल्यावर २५ किलोमीटरवर आणखी वीसेक मिनिटं, ५० वर अर्धा तास आणि ७० वर पस्तीसेक मिनिटं ऊन असतं. सकाळी तितकंच आधी उजाडतं.

यात एक गोम आहे. हा भूमितीचा हिशेब दृश्य प्रकाशासाठी बरोबर आहे. ओझोन फोडणारे आखूड अतिनील किरण आडवे येताना मधल्या ओझोनच्या थरातच अडकतात. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने आधी पडते ती ओझोनची सावली, पृथ्वीची नंतर. संगणकावर प्रतिरूप बनवणारे विद्यार्थी ही गोष्ट विसरतात आणि त्यांचा सूर्योदय खऱ्यापेक्षा काही मिनिटं लवकर येतो.

७. ४० किलोमीटरवर दुपारनंतर जास्त आणि सकाळी कमी, हे कशामुळे?

इथे उत्पादन आणि संहार दोन्ही तासांच्या मापाने चालतात, म्हणून दिवसाचा खरा चढ-उतार दिसतो. सकाळी सात-आठच्या सुमाराला छोटा खड्डा, दुपारी तीन-चारला शिखर आणि रात्रभर जवळपास सपाट रेषा. शिखर आणि खड्ड्यातला फरक साधारण ३ ते ५ टक्के. काही उंचीवर आणि ऋतूंत थोडा जास्त.

सकाळचा खड्डा पडतो कारण संहार आधी जागा होतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण तिरपे येतात आणि ऑक्सिजन फोडणारे आखूड किरण वाटेतच शोषले जातात. ओझोनला मात्र दृश्य प्रकाशसुद्धा फोडू शकतो, आणि तो तिरपा येऊनही पोहोचतो. म्हणजे सुटे अणू मिळायला लागले, नायट्रोजन डायऑक्साइडने ते पकडून ओझोनची गळती सुरू केली, आणि नवं उत्पादन अजून सुरूच व्हायचं आहे. सूर्य वर चढला की उत्पादन गळतीला मागे टाकतं आणि दुपारपर्यंत शिल्लक साठत जाते.

४५ किलोमीटरच्या वर याच्यात प्रश्न ४ मधली अदलाबदल मिसळते, आणि ५० च्या आसपास दोन्ही परिणाम एकमेकांना कापतात. त्या पट्ट्यातला आलेख वेडावाकडा दिसला तर उपकरणाला लगेच दोष देऊ नका.

सगळं रसायनानेच होतं असंही नाही. सूर्याच्या उष्णतेने वातावरणात चोवीस आणि बारा तासांच्या भरती-ओहोटीच्या लाटा उठतात आणि हवा वर-खाली हलते. ३० किलोमीटरच्या आसपास चढ-उताराचा बराचसा भाग या हालचालीचाच असतो.

८. मग डोक्यावरचा एकूण ओझोन दिवसभरात किती बदलतो?

१ टक्क्याच्या आत, म्हणजे नागपूरवर दोन-अडीच एककांपेक्षा कमी. ५० किलोमीटरच्या वर सगळा मिळून एक एककाच्या आसपासच ओझोन असतो. त्यातला काही भाग रात्री दुप्पट-दसपट झाला, तरी २६० च्या बेरजेत ते दिसत नाही.

९. कालचा आकडा २६२, आजचा २७१. हा दिवसाचा बदल नव्हे का?

नव्हे. तो वाऱ्याचा खेळ आहे. खालच्या स्थितांबरात ओझोन दीर्घायुषी असल्यामुळे उत्तरेकडची ओझोनयुक्त हवा थोडी खाली सरकली, किंवा तपांबराची (जमिनीलगतच्या वातावरणाच्या थराची) वरची सीमा वर-खाली झाली, की आकडा पाच-दहा एककांनी सहज बदलतो. हिवाळ्यात पश्चिमी झंझावात मध्य भारतापर्यंत आले की असे झटके जास्त दिसतात.

१०. दुपारी ऊन जास्त भाजतं म्हणजे तेव्हा थर पातळ होतो का?

थर तसाच असतो; सूर्याचा कोन बदलतो. ओझोन १ टक्क्याने कमी झाला, तर त्वचा भाजणारे अतिनील किरण साधारण १ टक्क्यानेच वाढतात. उलट, सूर्य ३० अंशांवर असताना हे किरण तो डोक्यावर असतानाच्या जेमतेम पाचवा हिस्सा असतात. सकाळी आठ आणि दुपारी बारामधला फरक पूर्णपणे इथून येतो.

नागपुरात सूर्य मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर थेट माथ्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की टोपी-दुपट्टा घ्यायचा, एवढा नियम पुरेसा आहे. डिसेंबरातही नागपुरात दुपारी सूर्य ४५ अंशांवर असतो, त्यामुळे ‘थंडीत ऊन लागत नाही’ हे तापमानाबद्दल खरं, अतिनीलबद्दल नाही.

११. हवेच्या ॲपमध्ये नागपूरचा ओझोन दुपारी वाढलेला आणि रात्री घटलेला दिसतो. तुम्ही तर उलटं सांगता!

ॲपमधला ओझोन जमिनीलगतचा. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं, इंधनाच्या वाफा आणि कडक ऊन यांतून तो इथेच तयार होतो. दुपारी एक ते चारच्या दरम्यान शिखर गाठतो. रात्री ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खातो आणि उरलेला झाडा-भिंतींवर जिरतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या धुराच्या पट्ट्यात तो आधी घटतो आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे गेल्यावर वाढतो, म्हणून शहरातल्या रहदारीच्या चौकापेक्षा बाहेरच्या गावात आकडा जास्त आला तरी आश्चर्य नको.

याची भारतातली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि तासाला १८० आहे. वरच्या थराशी त्याचा दैनंदिन संबंध नाही.

१२. ब्राह्ममुहूर्तावर ओझोनचा थर खाली येतो आणि तुळस चार तास ओझोन सोडते, हे खरं आहे का?

कार्तिक, मार्गशीर्ष आला की हा निरोप हमखास फिरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. थर पहाटे खाली येत नाही. २५ किलोमीटरवरचा ओझोन रात्रभर जिथल्या तिथे असतो (प्रश्न ३). जमिनीलगतचा ओझोन पहाटे दिवसातला सगळ्यात कमी असतो (प्रश्न ११), आणि ते चांगलंच आहे, कारण हा वायू फुप्फुसांना झोंबतो, दमा वाढवतो. तुळस ओझोन सोडत नाही. पहाटे उठून काकड आरतीला किंवा अंबाझरीला फिरायला जरूर जा. त्यासाठी ओझोनची साक्ष काढायची गरज नाही.

१३. कॉलेजात हातातल्या सूर्यमापकाने (दोन तरंगलांबींच्या सूर्यप्रकाशाची तुलना करून ओझोन काढणाऱ्या यंत्राने) दिवसभर मोजलं तर दुपारी फुगवटा आला. दिवसाचा बदल सापडला का?

बहुधा नाही. १ टक्क्यापेक्षा मोठा फुगवटा किंवा खड्डा दिसला तर आधी उपकरण तपासा. नेहमीची कारणं अशी :

वातावरणाबाहेरच्या तीव्रतेचा स्थिरांक चुकला असेल. ही चूक हवेच्या वाटेच्या, म्हणजे किरणाने हवेतून कापलेल्या अंतराच्या, लांबीने भागली जाते, म्हणून सूर्य डोक्यावर असताना सगळ्यात मोठी आणि कलल्यावर छोटी दिसते. परिणाम : दुपारभोवती सुबक, दोन्ही बाजूंनी सारखा फुगवटा किंवा खड्डा. ७ टक्के फुगवटा आला आणि तो इतका देखणा असेल, तर तो निसर्गाचा नाही.

भटका प्रकाश. सूर्य खाली असताना ३०५ नॅनोमीटरच्या आसपासचा खरा प्रकाश इतका क्षीण होतो की दुसऱ्या तरंगलांबीची गळती त्यावर मात करते आणि ओझोन कमी वाचला जातो. एकूण ओझोन मोजणाऱ्या डॉबसन यंत्रातही ३०५.५ आणि ३२५.४ नॅनोमीटरच्या जोडीला हा त्रास होतो. उपाय साधा : हवेची वाट उभ्या वाटेच्या अडीच पटींपेक्षा लांब झाली, म्हणजे सूर्य २३-२४ अंशांखाली गेला, की नोंदी घेऊ नका.

घड्याळ. नागपूर ७९.१ अंश रेखांशावर आहे आणि प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. त्यामुळे इथली खरी दुपार सरासरी १२.१४ ला होते. फेब्रुवारीच्या मध्यावर १२.२८, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११.५७. बारा वाजता दुपार धरून हवेची वाट काढली, तर सकाळ-संध्याकाळचे आकडे विरुद्ध दिशांना कलतात. आलेख एका बाजूला झुकलेला दिसला की सगळ्यात आधी हेच बघा.

विरळ ढग आणि धूळ. मेमध्ये दुपारनंतर धूळ वाढते. एका मिनिटात तीन वाचनं घ्या. ती एकमेकांशी १ टक्क्यात जुळली नाहीत तर तो संच टाकून द्या.

१४. मग ५० किलोमीटरच्या वरचा बदल नागपुरात बसून बघायचा कसा?

उपग्रहाच्या खुल्या नोंदींतून. ‘ऑरा’ हा उपग्रह जुलै २००४ मध्ये गेला आणि त्यावरचं सूक्ष्मतरंग मापक वातावरणाच्या स्वतःच्या उत्सर्जनावरून मोजतं. त्याला उन्हाची गरज नाही. म्हणून दुपारी पावणेदोन आणि रात्री पावणेदोन अशा दोन्ही वेळच्या नोंदी मिळतात. फक्त नागपूरवरचे बिंदू घेतले तर फारच थोडे हाती लागतात. १६ ते २६ अंश उत्तर हा पूर्ण पट्टा आणि एक महिना घ्या, सूर्याच्या कोनानुसार दिवस-रात्र वेगळे करा आणि दाबाच्या पातळ्यांवर सरासरी काढा. १० हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ३१-३२ किलोमीटर, १ म्हणजे ४८, ०.१ म्हणजे ६५ आणि ०.०२ म्हणजे ७५. रात्रीचा आकडा भागिले दिवसाचा, असा आलेख वरपर्यंत काढला की प्रश्न २ चं उत्तर समोर येतं. सोबत आलेले दर्जानिर्देशक गाळणीला लावायला विसरू नका.

दोनच वेळा असल्यामुळे यातून प्रश्न ७ मधला सकाळचा खड्डा सापडत नाही. तो टिपला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या ‘स्माइल्स’ या जपानी उपकरणाने, ऑक्टोबर २००९ ते एप्रिल २०१०. स्थानकाची कक्षा दर दिवशी वेगळ्या स्थानिक वेळेला येते, म्हणून काही आठवड्यांत चोवीस तास भरून निघतात. जमिनीवरून हेच काम स्वित्झर्लंडमधल्या बर्नचं सूक्ष्मतरंग यंत्र १९९४ पासून करतं.

१५. ३-४ टक्क्यांच्या फरकाची एवढी चर्चा का?

कारण वरच्या स्थितांबरातला ओझोन आता सावरतोय तो दशकाला १ ते ३ टक्क्यांच्या वेगाने. एखाद्या जुन्या उपग्रहाची कक्षा घसरत जाऊन त्याची मोजण्याची वेळ दुपारी दोनवरून सकाळी आठकडे सरकली, तर निव्वळ वेळ बदलल्यामुळे ओझोन घटल्यासारखा दिसेल. वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी जोडताना आधी सगळ्या एका स्थानिक वेळेला आणाव्या लागतात.

१६. सूर्यग्रहणात रात्रीसारखंच होतं का?

५० किलोमीटरच्या वर, हो, पण अर्धवट. खग्रास अवस्था फार थोडा वेळ टिकते. ६० किलोमीटरवर सुट्या अणूंना ओझोन व्हायला दोन मिनिटं पुरतात, ७० वर वीस मिनिटं मिळत नाहीत. म्हणून वाढ होते, पण पूर्ण रात्रीइतकी नाही. २२ जुलै २००९ चं ग्रहण सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसीवरून गेलं तेव्हा नागपुरात ते खंडग्रास होतं, आणि तेही सकाळी सूर्य क्षितिजाजवळ असताना.

ग्रहणात सूर्यमापकावर एकूण ओझोन बदललेला दिसला तर सावध राहा. सूर्यबिंबाच्या कडेचा प्रकाश मध्यापेक्षा तांबूस असतो. मध्य झाकला गेला की दोन तरंगलांबींचं गुणोत्तर बदलतं आणि यंत्राला तो ओझोनचा फरक वाटतो.

१७. अंटार्क्टिकावरचं छिद्रही रोज उघडतं-मिटतं का?

नाही, ते आठवड्यांच्या मापाने वाढतं. पण ते पाडणारं क्लोरीन मोनॉक्साइड मात्र दिवसाळू आहे. रात्री त्याचे दोन-दोन रेणू जोडीने बांधले जातात आणि ओझोनची गळती थांबते. सूर्य उगवला की जोड्या फुटून काम पुन्हा सुरू. म्हणूनच ध्रुवावरची लांब रात्र संपून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊन परत येतं तेव्हा छिद्र पडू लागतं, ऐन हिवाळ्यात नाही.